टोइंगचा आकडा मोठा की गाडीचा भरवसा मोठा?

सह्यकडा (डेन्व्हर): "ऑफिसपलीकडे गाडी न नेणाऱ्यांनी भरवशाचे गोडवे गावेत, ट्रेलर ओढायचा आणि डोंगरात जायचे तर आधी ताकद पाहावी, बिघाड काय, वॉरंटीत निघतात," असे येथे परवा एका सदस्यांनी लिहिले. ते वाचून स्वस्थ बसवले नाही म्हणून हा धागा काढला आहे. वॉरंटी इंजिन बदलून देते हे खरे, पण कोलोरॅडोतल्या इमोजीन पास या खिंडीत १३,००० फुटांवर, फोनला रेंज नसताना आणि मागे मुले बसलेली असताना ती धावून येत नाही. २०१० ते २०२४ या काळातल्या टोयोटा फोररनरमध्ये तेच ४ लिटरचे व्ही-६ (सहा सिलिंडरचे) इंजिन आणि तोच पाच गिअरचा बॉक्स होता. २७० हॉर्सपॉवर, टोइंगची, म्हणजे ट्रेलर ओढण्याची, मर्यादा ५,००० पौंड, आणि पेट्रोलची भूक अफाट. तरीही लोक तिच्यावर विसंबतात, कारण इतकी वर्षे एकच यंत्र बनवत राहिले की त्यातल्या खोडी निघून जातात. याउलट २०२२ पासून टोयोटाच्याच टुंड्रा ट्रकचा व्ही-८ (आठ सिलिंडरचे इंजिन) काढून ३.४ लिटरचा ट्विन टर्बो (दाबून हवा भरणारे दोन टर्बो असलेला) व्ही-६ बसवला, टोइंग १२,००० पौंडांपर्यंत नेले, आणि २०२४ मध्ये इंजिनात राहून गेलेल्या धातूच्या कणांपायी टुंड्रा आणि लेक्सस एलएक्स मिळून सुमारे १ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. आकडा वाढवण्याची ही किंमत मला मान्य नाही.

रानवाटा (सॉल्ट लेक सिटी): ते मत माझेच आहे आणि मी त्यावर ठाम आहे. युटातल्या मोआबच्या खडकावर चाक हवेत लटकले की भरवशाच्या गाडीचा भरवसा काय कामाचा? जीपच्या रँग्लर रुबिकॉनमध्ये पुढचे आणि मागचे दोन्ही डिफरेन्शियल लॉक होतात (म्हणजे दोन्ही बाजूंची चाके एकत्र फिरतात), लो रेंजचे, म्हणजे हळू पण जोरात चढण्याच्या गिअरचे, प्रमाण ४:१ आहे आणि पुढचा स्वे बार (दोन्ही चाकांना जोडणारा दांडा) बटण दाबून सोडवता येतो. तिथे हेच कामी येते. राहिला टर्बो. टर्बो नसलेले इंजिन दर हजार फुटांमागे साधारण ३ टक्के ताकद गमावते, म्हणजे तुमच्याच आय-७० वरून आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत, ११,००० फुटांवर पोहोचेपर्यंत, समुद्रसपाटीच्या मानाने एक तृतीयांश ताकद गेलेली असते. ती तूट टर्बो बऱ्याच अंशी भरून काढतो. आणि व्ही-८ म्हणजे अमरपट्टा असेल, तर जनरल मोटर्सला एप्रिल २०२५ मध्ये ६.२ लिटरच्या व्ही-८ इंजिनाच्या जवळजवळ ६ लाख गाड्या का परत बोलवाव्या लागल्या, याचे उत्तर द्यावे.

वजनकाटा (डॅलस): तुम्ही दोघेही चुकीच्या आकड्यावर भांडत आहात. चालकाचे दार उघडा, चौकटीवरचा पिवळा-पांढरा स्टिकर वाचा. प्रवासी आणि सामान मिळून किती वजन चालेल (यालाच पेलोड म्हणतात) ते त्यावर लिहिलेले असते आणि बहुतेक अर्ध्या टनी, म्हणजे नेहमीच्या पिकअप, ट्रकची मर्यादा टोइंगच्या कितीतरी आधी तिथेच संपते. समजा स्टिकरवर १,३०० पौंड आहेत आणि ट्रेलर ६,५०० पौंडांचा आहे. त्याच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडणीवर, येतो आणि तोही या पेलोडमध्येच मोजायचा. १२ टक्के धरले तरी ७८० झाले. चौघांच्या कुटुंबाचे ६०० धरा, की सायकली, बर्फाची पेटी आणि हिच मोजण्याआधीच मर्यादा ओलांडली. जाहिरातीत मात्र १२,००० झळकत असतात.

रानवाटा: कंपन्या एवढी काटेकोर मर्यादा ठेवत नाहीत, पुष्कळ मोकळीक राखून ठेवतात. सगळेच थोडेफार जास्त ओढतात आणि काही बिघडत नाही.

वजनकाटा: हे वाक्य मी पुन्हा ऐकून घेणार नाही. माझ्या मेहुण्यांना एका विक्रेत्याने हेच सांगून ट्रेलर गळ्यात मारला. वायोमिंगमध्ये आय-८० वर आडवा वारा लागला, बाजूने मोठा ट्रक गेला आणि ट्रेलर डोलू लागला. त्यांनी घाबरून गाडीचा ब्रेक दाबला, त्यामुळे डोलणे आणखी वाढले. बहिणीने हात घालून ट्रेलर-ब्रेकच्या कंट्रोलरवरून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावले म्हणून चौघे आज जिवंत आहेत. मागचा भाग भाराने दबला की पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग पकड सोडते, त्यात मोकळीक कसली?

मिशिगनकर: टोइंगचा आकडा वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या ज्या एसएई जे-२८०७ मानकाने ठरतो, त्यात चालक आणि एक सहप्रवासी, प्रत्येकी १५० पौंड, एवढीच माणसे धरलेली असतात. मात्र हा आकडा हवेतून आलेला नसतो: अ‍ॅरिझोनातला डेव्हिस डॅमचा चढ ट्रेलरसकट, एसी चालू ठेवून, ठरलेल्या किमान वेगाने चढावा लागतो.

सह्यकडा: मूळ प्रश्न बाजूला पडला असे वाटत होते, पण वजनकाटा यांचा हिशेब माझ्याच बाजूचा आहे. जी गाडी रोज मर्यादेच्या काठावर राबते तिचा गिअरबॉक्स तापतो, तेल लवकर जळते आणि मग दोष इंजिनाच्या नावावर पडतो.

नाशिककर: आमच्याकडे ट्रेलरचे प्रस्थ नाही, तरी एक मुद्दा मांडतो. भंडारदऱ्याच्या बाजूला वाडीवस्तीवर बोलेरो टिकून आहे ती बिघडत नाही म्हणून नव्हे. ती बिघडली तर गावातला मेकॅनिक संध्याकाळपर्यंत चालू करून देतो म्हणून. भरवसा मोजताना दुरुस्ती कुठे आणि कोण करणार, हे धरायलाच हवे.

रानवाटा: हे मात्र पटले, आणि रँग्लरच्या बाजूने मला हेच म्हणायचे होते: तिचे सुटे भाग मोआबच्या दुकानांत मिळतात. पेलोडचा हिशेब मान्य करतो, कारण तो खोडता येत नाही. पण त्यावरून कमी ताकदीची गाडी चांगली ठरत नाही, मोठा ट्रक घ्यावा एवढेच ठरते.

सह्यकडा: उंचीवर टर्बोचा उपयोग होतो, हे मीही नाइलाजाने मान्य करतो, बोगद्याच्या चढावर माझी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कशी घुसमटते ते मी जाणतो. तरी नव्या इंजिनाची पहिली तीन वर्षे ज्यांना आपल्या पैशाने त्याची परीक्षा घ्यायची आहे त्यांनी ती घ्यावी, मी माझ्या मुलांना घेऊन त्या रांगेत उभा राहणार नाही.