एकटी जेवणारी बाई आणि तिचा पाठमोरा फोटो

अजिंक्यताऱ्याखालची (सातारा)

गेल्या आठवड्यात या चर्चास्थळावरील एका सांगलीकर सदस्यांनी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसानिमित्त केलेल्या सिंगापूर–पेनांग–फुकेत या जहाजाच्या सहलीचे वर्णन लिहिले. वर्णन चांगले आहे, विशेषतः भडंगाचे पाकीट पाहून शेजारच्या टेबलावरील चिनी आजोबांनी हात पुढे केला तो भाग. पण मध्येच एक परिच्छेद येतो. बुफेमध्ये खिडकीशी एकटीच जेवत बसलेली एक वयस्क भारतीय बाई पाहून त्यांच्या ‘काळजात चर्र झाले’, ‘पैसा आहे, पण वाढायला माणूस नाही’ असे त्यांना वाटले, आणि तेवढ्यावर न थांबता त्यांनी तिचा पाठमोरा फोटो काढून येथे टाकला. त्याखाली हळहळणाऱ्यांची रांग लागली आहे. एकाने तर तिच्या मुलांना दूषणे दिली आहेत. तिला मुले आहेत की नाहीत, हे कोणालाही ठाऊक नाही.

ती बाई मी नव्हे. परंतु दोन वर्षांपूर्वी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, मी याच मार्गाने एकटी गेले होते आणि खिडकीशीच बसून जेवत होते, त्यामुळे तो फोटो माझाही असू शकला असता. म्हणून हे लांबलचक उत्तर.

मी चौतीस वर्षे शाळेत शिकवले. घरी सासूबाई, दीर, मुले, पाहुणे आणि गणपतीतली पंचवीस पाने. या सगळ्यांवर माझा राग नाही. मात्र या काळात घरी मी एकटी असे तेव्हाही घर माझ्याकडे पाहत असे, कारण कुकर लावायचा असे, दूधवाला येणार असे, गॅलरीतले कपडे उतरवायचे असत. जहाजावर पहिल्या दिवशी पहाटे साडेपाचला मी उघड्या डेकवर जाऊन बसले. मलाक्काच्या सामुद्रधुनीत पुढेमागे मालवाहू जहाजांचे दिवे एका ओळीत सरकत होते, वारा दमट होता, आणि आज मला काय रांधायचे आहे याचे उत्तर ‘काहीही नाही’ असे होते. मी तेथे अडीच तास बसले. पेनांगला जहाज स्वेटनहॅम धक्क्याला लागते, तेथून जॉर्जटाउनचा जुना भाग पायी गाठता येतो. तमिळ दुकानांच्या गल्लीत केळीच्या पानावर जेवले आणि दोन वेळा चुकले. चुकल्याबद्दल कोणाची बोलणी खावी लागली नाहीत.

माझी मागणी साधी आहे. तो फोटो काढून टाकावा. कीव ठेवायची असल्यास ती स्वतःजवळ ठेवावी.

हरिपूर रोड (सांगली)

ज्याच्यावर हा धागा निघाला तो मीच. बाईंचे मराठी सुंदर आहे, परंतु सहानुभूती हा गुन्हा कधीपासून झाला, हे मला कळले नाही. फोटोत चेहरा नाही, नाव नाही.

दुसरे असे की, ज्या जहाजावर प्रवासी आणि कर्मचारी मिळून चार-पाच हजार माणसे असतात, पोहण्याच्या तलावाशी दिवसभर ढोल बडवतात आणि दर तासाला ध्वनिक्षेपकावरून बिंगोची आमंत्रणे येतात, तेथे एकांत मिळतो असे म्हणणे ही सहल विकणाऱ्यांची भाषा झाली. एकांत हवा असेल तर आपल्याकडे काय कमी आहे? आमच्या हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर बसावे. आपण साताऱ्याच्या आहात, तर बामणोलीला शिवसागर जलाशयाच्या काठी जावे. त्यासाठी सिंगापूरचा व्हिसा लागत नाही. एकटा जीव सदाशिव म्हणायला सोपे असते. आजारी पडल्यावर पाण्याचा पेला कोण देतो, ते पाहावे.

मिरज जंक्शन

मूळ मुद्दा दोघांनीही सोडला आहे. एकट्या प्रवाशाची खरी कीव करायची असेल तर त्याच्या पावतीची करावी. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत जो दर असतो तो ‘ट्विन शेअरिंग’चा, म्हणजे एका केबिनमध्ये दोघे धरून माणशी. एकटा माणूस गेला की दीडपट, पुष्कळदा सरळ दुप्पट. दुसरी गादी रिकामी, दुसरा टॉवेल घडीचा, दुसऱ्याचे जेवण शिल्लक, आणि पैसे मात्र दोघांचे! बाईंनी किती भरले, ते त्यांनी लिहिलेले नाही.

अजिंक्यताऱ्याखालची

जवळजवळ दुप्पट भरले. बंदरकर आणि कर्मचाऱ्यांची टिप तेवढी एकाच माणसाची लागली. मला ते खटकले, पण निवृत्तीनंतरच्या पैशांतून एकदाच खर्च करायचा होता, म्हणून केला.

कऱ्हाडचा हिशेबनीस

मिरजकरांचा हिशेब भावनिक आहे. कार्यालयात शंभर पाने सांगितली आणि सत्तर माणसे आली, तर आपण आचाऱ्याला सत्तरांचे पैसे देतो काय? जहाजावर केबिन मोजक्या असतात आणि त्या वाढवता येत नाहीत. केबिनमागे दोन माणसे धरून जहाज ‘पूर्ण भरले’ असे म्हणतात; तिसरे-चौथे मूल आले की आकडा शंभर टक्क्यांच्याही पुढे जातो. शिवाय त्यांचा नफा नुसत्या भाड्यावर चालत नाही. पेये, कॅसिनो, किनाऱ्यावरील सहली, दुकाने, हे सगळे माणशी असते. एकट्या प्रवाशामागे एक खिसा कमी होतो. तो खिसा कोणी भरायचा?

मिरज जंक्शन

वा! म्हणजे मी दारू पीत नाही, जुगार खेळत नाही, आणि माझी न आलेली पत्नीही ते करणार नाही, याचा दंड मी भरायचा! आपला हिशेब इतका पक्का आहे, तर हेही सांगावे की २०१० मध्ये आलेल्या ‘नॉर्वेजियन एपिक’ या जहाजावर एकट्यांसाठी १२८ छोट्या केबिन मुद्दाम कशा बांधल्या? साधारण शंभर चौरस फुटांची खोली, एकाचेच भाडे, आणि त्या मंडळींना बसायला वेगळा दिवाणखाना. ज्याला करायचे आहे त्याला जमते.

हा प्रश्न फक्त जहाजाचाही नाही. रेल्वेने ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली ती आजतागायत परत दिलेली नाही. पुरुषांना ४० टक्के आणि स्त्रियांना ५० टक्के होती. मी एकटा आहे, ज्येष्ठ आहे, आणि दोन्ही बाजूंनी कापला जातो. गेल्या वर्षी कोकणात एका लॉजवर मालकाने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून ‘एकट्याला खोली देत नाही’ असे सांगितले. कारण विचारले तर म्हणाला, ‘एकटा माणूस काही बरेवाईट करून घेतो.’ मी फक्त मासे खायला गेलो होतो!

कऱ्हाडचा हिशेबनीस

रेल्वेची सवलत येथे आणून आपण चर्चेचा डबा बाजूच्या रुळावर नेलेला आहे. ‘नॉर्वेजियन एपिक’ची गोष्ट मान्य. परंतु अशा केबिन थोड्या असतात, लवकर संपतात, आणि त्यांचे चौरस फुटांमागचे भाडे काढले तर आपल्याला पुन्हा राग येईल.

वाईचा घाट

लॉजवाल्याचा अनुभव वाचून मिरजकर काकांबद्दल वाईट वाटले, पण हसूही आले, कारण तो अनुभव मी वयाच्या बाविसाव्या वर्षापासून घेत आहे, आणि मला कारणही सांगत नाहीत.

हरिपूर रोड यांना मात्र विचारायचे आहे की, बामणोलीच्या काठी एकटी बाई बसली तर काय होते, हे त्यांनी कधी पाहिले आहे का? मी बसले आहे. पहिल्या दहा मिनिटांत एक गृहस्थ ‘कोणाची वाट पाहताय का’ म्हणून विचारून गेले, त्यानंतर दोघे मोटारसायकलवर दोनदा गेले आणि आले, आणि शेवटी चहावाल्या मावशींनी काळजीने मला दुकानात बोलावून बसवले. मावशींचे उपकार आहेत. पण याला एकांत म्हणत नाहीत. पलीकडे वासोटा किल्ल्याला जावे म्हटले तर नाव अख्खी ठरवावी लागते, म्हणजे एकटीने दहाजणांचे पैसे मोजायचे. त्यापुढे जहाजाचे दुप्पट भाडे मला दयाळूपणाचे वाटू लागले आहे. गर्दीबद्दल म्हणाल, तर जहाजावरील चार-पाच हजार माणसांना माझ्याशी काही देणेघेणे नसते, हीच त्या गर्दीची किंमत आहे.

हरिपूर रोड

प्रत्येक पुरुषाला मोटारसायकलवर बसवण्याची घाई कृपया करू नये. मी चांगल्या हेतूने लिहिले आणि आता मलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जात आहे. पंचवीस वर्षे संसार केलेला माणूस दुसऱ्याच्या एकटेपणाने हळहळला, तर त्याची एवढी शिक्षा?

कोरेगावचा खलाशी

मी नऊ वर्षे अशा जहाजांवर केबिन साफ करण्याचे काम केले, म्हणून दोन शब्द. एकटी प्रवासी आम्हाला आवडते. तिचा एक पलंग, दोन टॉवेल, पसारा नाही, आणि ती सहसा नाव विचारते.

पण ‘काही करायचे नव्हते’ असे बाई लिहितात, तेव्हा ते कोणीतरी करत होते, हेही लिहायला हवे होते. आमची केबिन पाण्याच्या पातळीखाली असे. खिडकी नाही, वरखाली दोन बंक, आणि जोडीदार ज्या पाळीत झोपे त्या पाळीत मी कामावर असे. करार सहा ते नऊ महिन्यांचा. आंतरराष्ट्रीय नियमाने चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात किमान सत्याहत्तर तास विश्रांती द्यावी लागते. याचा अर्थ उरलेले किती, ते हिशेबनिसांनी काढावे. सुट्टीचा वार नसतो. वडील गेले तेव्हा मी भूमध्य समुद्रात होतो आणि पुढचे बंदर दोन दिवसांवर होते. चार-पाच हजार माणसांत एकटे असणे म्हणजे काय, यावर दोन्ही बाजूंनी फार लिहिले गेले आहे, म्हणून सांगितले.

अजिंक्यताऱ्याखालची

आपले म्हणणे मला लागले आहे, आणि ते योग्य आहे. माझी खोली आवरणारा मुलगा गोव्याचा होता. मी त्याचे नाव विचारले होते, पण तो कोठे झोपतो, हे विचारले नव्हते.

पलूसची

मी फारशी लिहीत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या शेजारच्या ब्रह्मनाळला माणसे बाहेर काढताना नाव उलटली, तेव्हापासून आमच्या घरात नाव, बोट हे शब्दही कोणी हौसेने उच्चारत नाही. मोठ्या जहाजावर एकट्या बाईचे काही बरेवाईट झाले तर कोणाला कळते तरी का? उपहासाने विचारत नाही.

कोरेगावचा खलाशी

ताई, कळते. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे प्रवासी जहाज कलंडले आणि ३२ माणसे गेली. त्या दिवशी चढलेल्या प्रवाशांची संकटकाळी काय करायचे याची कवायत अजून व्हायची होती. पुढे नियम बदलला, आणि आता जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी प्रत्येकाला आपली जमण्याची जागा दाखवतात आणि जीवरक्षक जाकीट कसे घालायचे ते शिकवतात. मी ज्या जहाजांवर होतो तेथे कार्डावर प्रत्येकाची हजेरी लागत असे. जो येत नसे त्याच्या केबिनचे दार आम्हीच ठोठावत असू. बंदरावर उतरताना आणि परत चढतानाही कार्ड वाजते, त्यामुळे कोण परत आले नाही ते समजते. बोट लागण्याची भीती असेल तर खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची केबिन घ्यावी. तेथे हेलकावे सर्वांत कमी बसतात. पण मन तयार नसेल तर जाऊ नये. समुद्र कोठे पळून जात नाही.

हरिपूर रोड

दोन दिवस मी काही लिहिले नाही. पलूसच्या ताईंचे वाचून लिहावेसे वाटले.

माझी आई शेवटची चार वर्षे सांगलीच्या घरी एकटी होती. मी पुण्यात नोकरीला होतो. २०१९ मध्ये पाणी आमच्या गल्लीत शिरले तेव्हा शेजाऱ्यांनी तिला वरच्या मजल्यावर नेले. मी तिसऱ्या दिवशी पोहोचलो. ती नेहमी खिडकीशी ताट घेऊन बसे. जहाजावर ती बाई पाठमोरी दिसली, तिच्या खांद्यावर तशीच शाल होती, आणि मला पुढचा घास गिळता येईना. पत्नी म्हणाली, जाऊन बोला. मी गेलो नाही, फोटो काढला. हे स्पष्टीकरण आहे, माफी नव्हे.

फोटो काढून टाकला आहे. गर्दीच्या ठिकाणी कोणाचाही फोटो येऊ शकतो, हे माझे मत कायम आहे. मजकूर मी बदलणार नाही.

अजिंक्यताऱ्याखालची

मजकूर बदलू नये. तो आपल्या आईविषयी आहे, हे आता मला समजले. तेवढे एक वाक्य त्यात घातले असते तर मी उत्तर लिहिलेच नसते. एकटे राहावे लागणे आणि एकटे राहायला मिळणे यांत मी फार सहज फरक करून टाकला, हेही मान्य करते, कारण आपल्या आईला विचारायला आता कोणी जाऊ शकत नाही. मात्र पत्नीचे ऐकून आपण त्या बाईशी बोलायला गेला असता आणि ती ‘मला जरा एकटीला बसू द्या’ म्हणाली असती, तर आपल्याला राग आला असता, याची मला खात्री आहे.

हरिपूर रोड

आला असता.

मिरज जंक्शन

सर्वांचे समेट झाले असतील तर दुप्पट भाड्याचा प्रश्न अद्याप तसाच आहे. मी चौकशी केली. सहल कंपनी म्हणते की, केबिन वाटून घेणारा पुरुष प्रवासी मीच शोधून आणला तर ट्विन शेअरिंगचा दर मिळेल. तेव्हा याच मार्गाने जाण्यासाठी सांगली, मिरज अथवा सातारा येथील, साठीच्या पुढचा, न घोरणारा, शक्यतो न बोलणारा आणि ज्याला मनापासून एकटेच राहायचे आहे असा सोबती हवा आहे. खालचा मजला, मध्यावरची केबिन. खिडकीकडची गादी माझी.