मदत हवी आहे: शुगरची गोळी चालू असताना दोनदाच जेवलं तर चालते का?

माही माय ५२ वर्षांची, वजन ७८ किलो, शुगरसाठी मेटफॉर्मिन अन् ग्लिमेपिराइड चालू आहे. मामा म्हणतात दीक्षित डाएट कर, दिवसातून दोनदाच ५५ मिनिटांत जेव, अन् बहीण म्हणते आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर दर दोन तासांनी थोडं थोडं खा म्हणतात. चार दिवस दोनदा जेवून पाहिलं, पाचव्या दिवशी सकाळची गोळी घेऊन उपाशीच निंदाले गेली तर ११ वाजता हात थरथरले, घामानं लुगडं ओलं, मशीनवर शुगर ५८, गूळ चारला तेव्हा कुठं सावरली. मी लय घाबरलो. तेव्हापासून ते डाएट बंद केलं. भात अन् चहातली साखर आधीच सोडली, ज्वारीची भाकर अन् तुरीचं वरण खाते. गावात डाएटिशियन नाही, डॉक्टर सोमवारी भेटतील, तोवर गोळी मनानं बदलणार नाही. वावरातल्या कामाच्या दिवशी कोणी जेवणाच्या वेळा कशा बसवल्या, अन् ग्लिमेपिराइडबद्दल डॉक्टरांना नेमकं काय विचारू?