पीडीएम स्लो झालं की नवा सर्व्हर घ्या, हा सल्ला मला अजिबात पटलेला नाही

लॉगवाचक
रॅकवाला यांची कालची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की पीडीएम (कॅड फाइली आणि पार्टचे रेकॉर्ड सांभाळणारी सिस्टिम) स्लो झालं की ट्यूनिंगच्या नादी लागू नका, कोअर दुप्पट करा, रॅम दुप्पट करा, सगळं एसएसडीवर टाका आणि मोकळे व्हा. खाली "अगदी बरोबर" म्हणणाऱ्यांची रांग. उद्या हीच पोस्ट दाखवून कुणीतरी बजेट मागायला जाणार, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी जिथे सपोर्टला होतो तिथे हेच झालं. मोठी असेंब्ली उघडत नाही अशी ओरड. डेटाबेस टीम म्हणे आमच्याकडे एकही स्लो क्वेरी नाही, नेटवर्क टीम म्हणे लिंक निम्मीसुद्धा भरत नाही, सर्व्हर टीम म्हणे सीपीयू निवांत आहे. तिघंही खरं बोलत होते! मग ठरलं काय, तर नवा सर्व्हर. आला. कोअर भरपूर, पण एकेका कोअरचा क्लॉक जुन्यापेक्षा कमी. टीमसेंटरसारख्या पीडीएम सिस्टिममध्ये एका युजरच्या सेशनमागे एक सर्व्हर प्रोसेस असते आणि त्याचं बॉम (असेंब्लीतल्या पार्टची यादी) उघडण्याचं काम जवळजवळ सगळं एकाच कोअरवर चालतं, बाकीचे कोअर नुसते बघत बसतात. असेंब्ली आधीपेक्षा हळू उघडायला लागली.

शेवटी एका युजरचा एक क्लिक धरला, त्याच्याच सेशनचा एसक्यूएल ट्रेस (डेटाबेसला विचारलेल्या प्रत्येक क्वेरीची नोंद) चालू केला आणि लॉग वाचायला बसलो. स्क्रीनभर एकच सिलेक्ट क्वेरी, फक्त शेवटचा आयडी बदलतोय. खाली स्क्रोल करा, तेच. अजून खाली, तेच. प्रत्येक क्वेरी एक-दोन मिलिसेकंदांची, मग ती स्लो क्वेरीच्या रिपोर्टात येणार कशी? ऑरॅकल डेटाबेसच्या एडब्ल्यूआर या कामगिरीच्या रिपोर्टात सगळे वेळेनुसार लावलेला तक्ता बघतात, एक्झिक्युशन्सनुसार, म्हणजे क्वेरी किती वेळा चालली त्यानुसार लावलेला तक्ता खाली असतो, तिथे ही पहिल्या नंबरवर होती. कुणीतरी कधीकाळी बॉमच्या ग्रिडमध्ये "शेवटचा चेंज नंबर" असा कस्टम कॉलम टाकला होता आणि तो प्रत्येक ओळीसाठी वेगळा डेटाबेसकडे जात होता. सगळ्या आयडी एकत्र देऊन एकदाच विचारायला लावलं, विषय संपला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय. आधी मोजा, मग पैसे खर्च करा, एवढंच माझं म्हणणं.

रॅकवाला
नाव घेऊन लिहिलंय म्हणून उत्तर देतो. "मोजू नका" असं मी कुठेही म्हटलेलं नाही, मी म्हटलं मोजण्याच्या नावाखाली महिनोन्महिने बसू नका. तुम्हाला कस्टम कोड बदलता आला कारण कोड तुमच्या हातात होता. आमच्याकडे ज्या व्हेंडरने कस्टमायझेशन केलं तो गेला, सोर्स कुणाकडे नाही, आणि एक कॉलम काढायचा तरी चार डिपार्टमेंटच्या सह्या. रॅम मात्र शनिवारी टाकली की सोमवारी युजर वापरतो. १०० डिझायनर रोज अर्धा तास थांबले तर ५० तास रोज वाया जातात, त्याचा हिशोब तुमच्या लॉगमध्ये दिसत नाही.

आणि एसएसडीला नावं ठेवू नका. आमचं व्हॉल्ट (कॅड फाइली ठेवायची जागा) फिरत्या डिस्कवर होतं, संध्याकाळी सगळे एकदम चेक-इन करायचे, म्हणजे फाइली परत जमा करायचे, तेव्हा डिस्कची रांग डोळ्यांना दिसायची. एसएसडीवर नेलं, तक्रारी थांबल्या. हे पण मोजलेलंच आहे.

क्वेरीकर
रॅकवाला, रांग दिसली मग डिस्क बदलली, म्हणजे तुम्हीही आधी मोजलंत की! मग कालच्या पोस्टमध्ये डोळे झाकून दुप्पट करा असं का लिहिलंत?

रॅमबद्दल एक गोष्ट सांगतो. छोटे पीडीएम सेटअप बऱ्याचदा एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस या मोफत डेटाबेसवर चालतात. एक्सप्रेस २०१९ ला एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा, बफर मेमरी १,४१० एमबी आणि जास्तीत जास्त ४ कोअर. त्या मशीनमध्ये १२८ जीबी रॅम घाला नाहीतर २५६, डेटाबेस ती कॅशसाठी वापरणारच नाही, लायसन्सच तसं आहे. जावावाल्या सिस्टिममध्ये उलटी गंमत, हीप (जावाला दिलेली मेमरी) ३२ जीबीच्या वर नेली की कॉम्प्रेस्ड पॉइंटर (मेमरीचे आखूड पत्ते) बंद होतात, म्हणजे ३४ जीबीच्या हीपमध्ये कधीकधी ३१ पेक्षा कमी ऑब्जेक्ट मावतात. लोक एक्सएमएक्स (हीपची कमाल मर्यादा) वाढवत जातात, फुल जीसीचा (मेमरीच्या साफसफाईचा) पॉज लांबत जातो आणि युजर म्हणतो दर थोड्या वेळाने सगळं गोठतं.

आणि मायग्रेशननंतरचं तर विचारूच नका. लाखो रेकॉर्ड बल्कने ओततात, स्टॅटिस्टिक्स (टेबलमध्ये किती आणि कसा डेटा आहे ते) गोळा करत नाहीत, क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या ऑप्टिमायझरला वाटतं टेबल अजून रिकामंच आहे आणि तो तसाच प्लॅन काढतो. हे दुरुस्त करायला एक कमांड लागते, पर्चेस ऑर्डर लागत नाही.

डिझाइनताई
तुम्ही सगळे अ‍ॅडमिन आहात ना? मग जरा आमच्याकडून ऐका. मी तक्रार टाकली की उत्तर येतं "आमच्याकडे तर पटकन उघडतंय". अहो उघडणारच, तुम्ही अ‍ॅडमिन लॉगिनने बघता, तुमच्यासाठी अ‍ॅक्सेस रूल बायपास होतात! माझ्या लॉगिनवर प्रत्येक पार्टसाठी तो रूलचा अख्खा ट्री तपासला जातो, प्रोजेक्ट कोणता, ग्रुप कोणता, स्टेटस काय, एक्स्पोर्ट कंट्रोल आहे का. वर तुम्ही टेस्टला दहा पार्टची असेंब्ली घेता आणि ती आधीच कॅशमध्ये असते. माझी असेंब्ली, माझं लॉगिन, सकाळी मशीन नुकतं चालू केलेलं, अशी मोजा आणि मग सांगा.

दुसरं, माझ्या लॅपटॉपवर अँटीव्हायरस कॅश फोल्डरमधली प्रत्येक कॅड फाइल उघडताना स्कॅन करतो. किती वेळा सांगितलं त्या फोल्डरला वगळा. सर्व्हर टीम म्हणते ते सिक्युरिटीचं काम, सिक्युरिटी म्हणते सर्व्हर टीमकडून लेखी आणा. त्या दोघांच्या मध्ये मी रिलीजची तारीख चुकवते आणि बोलणी मी खाते. नवा सर्व्हर आला काय आणि लॉग वाचला काय, मला दोन्हीने फरक पडलेला नाही.

लॉगवाचक
ताई, अ‍ॅडमिन लॉगिनचा मुद्दा शंभर टक्के मान्य. मी "एका युजरचा क्लिक" म्हटलं ते म्हणूनच, खऱ्या युजरच्या लॉगिनने.

रॅकवाला
ठीक आहे, डोळे झाकून नको, मानलं. पण लांबच्या साइटचं काय? आमची एक टीम दुसऱ्या खंडात बसते, त्यांना बॉम उघडायला चहा पिऊन येण्याइतका वेळ. तिथे बँडविड्थ वाढवण्याशिवाय दुसरा काय मार्ग?

क्वेरीकर
बँडविड्थने काही होणार नाही. १०,००० किलोमीटर अंतर धरा, फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन १०० मिलिसेकंद तुम्ही कितीही पैसे टाका तरी लागणारच. क्लायंट ३,००० ओळींसाठी ३,००० वेळा विचारत असेल तर ३०० सेकंद, पाच मिनिटं नुसता प्रवास. पाइप रुंद केल्याने अंतर कमी होत नाही.

मोठ्या फाइलचं गणित वेगळं. टीसीपीची विंडो (पोच येण्याआधी एका वेळी पाठवता येणारा डेटा) ६४ केबीवर अडकली असेल तर १०० मिलिसेकंदांच्या लिंकवर एका कनेक्शनला सेकंदाला ६४० केबी मिळतात, लिंक गिगाबिटची असली तरी. ही विंडो वाढवणारं विंडो स्केलिंग १९९२ पासून आहे, पण मधला एखादा फायरवॉल तो ऑप्शन खाऊन टाकतो आणि कुणाला पत्ता नसतो. पॅकेट कॅप्चर घ्या, कनेक्शन जुळतानाच्या हँडशेकमध्येच दिसतं.

जुनाप्रशासक
लोकल फाइल कॅश सर्व्हर लावा त्या साइटला. कॅडच्या फाइली तिथूनच मिळतात. पण लक्षात ठेवा, मेटाडेटा (पार्टची आणि बॉमची माहिती) मागायला तरीही मुख्य सर्व्हरकडेच जावं लागतं, त्यामुळे फाइल पटकन येईल आणि बॉम तसाच रखडेल. चॅटी, म्हणजे सर्व्हरला सारखं विचारत राहणारा क्लायंट असेल तर तो मुख्य सर्व्हरच्या शेजारच्या मशीनवर चालवून स्क्रीन रिमोटने दाखवणं बरं पडतं.

तुम्ही सगळे बॉम-बॉम करताय पण माझ्या मते सिस्टिमचा जीव सर्च घेतो. युजर पुढे-मागे स्टार (म्हणजे तिथे काहीही चालेल) टाकून शोधतात. पुढे स्टार आला की साधा बी-ट्री इंडेक्स (क्रमाने लावलेली सूची) कामाचा राहत नाही, लाखो रेकॉर्ड पहिल्यापासून चाळावे लागतात. आणि स्टार का टाकतात? कारण पार्ट नंबरमध्ये सगळं कोंबलंय, मटेरियल, साइज, प्रॉडक्ट लाइन, वर्ष. मधले तीन आकडे आठवतात म्हणून स्टार-४५३-स्टार. अर्थवाले पार्ट नंबर बंद करा, नुसता चालू क्रमांक द्या, बाकी सगळं अ‍ॅट्रिब्यूट आणि क्लासिफिकेशनमध्ये. मी कित्येक वर्षं कानीकपाळी ओरडतोय.

शॉपफ्लोअरवाला
झालं, आले चालू क्रमांकवाले! शॉपवर उभं राहून बघितलंय कधी? ऑपरेटरच्या हातात ड्रॉइंग असतं, स्क्रीन नसते. नंबरात एम८ आणि ३० दिसलं की त्याला कळतं आठचा बोल्ट, तीस लांबी. तुमच्या १०४७३३९२ आणि १०४७३३२९ मध्ये त्याने काय ओळखायचं? दोन आकडे उलटे वाचले की चुकीचा पार्ट असेंब्लीत. आमच्याकडे अर्थवाला नंबर बंद केल्यावर हेच झालं, लाइन थांबली होती. डेटाबेसला सोपं जावं म्हणून माणसाला अवघड करायचं, हा कुठला न्याय?

जुनाप्रशासक
आणि मटेरियलला दोन आकडे ठेवलेत, शंभरावं मटेरियल आलं की काय करणार? मी सांगतो काय करतात, "९९ म्हणजे इतर". मग निम्मे पार्ट इतर. बोल्ट आधी झिंक प्लेटेड होता, नंतर फिनिश बदललं, नंबर तोच राहिला, आता नंबर चक्क खोटं बोलतोय आणि तुमचा ऑपरेटर त्यावर विश्वास ठेवतो. तो अपघात नाही का? ड्रॉइंगवर नंबरच्या खाली वर्णन छापा ना मोठ्या अक्षरात!

शॉपफ्लोअरवाला
फिनिश बदललं तर नवा नंबर द्यायचा असतो, फॉर्म-फिट-फंक्शनचा (रूप, बसणं किंवा काम बदललं की नवा नंबर) नियम इंजिनीअरिंगने मोडला त्याचं खापर नंबरवर का फोडता? आणि वर्णन छापा म्हणे. टॅगची जागा बघितलीय का? ऑफिसात बसून शॉपला अक्कल शिकवायची सवय लागलीय तुम्हाला.

जुनाप्रशासक
अक्कल काढायचं काम नाही. मी शॉपवरूनच वर आलोय. टॅग लहान आहे तर टॅग मोठा करा, नाहीतर बारकोड लावा. एका टॅगसाठी सगळ्या कंपनीचा सर्च खिळखिळा ठेवणार?

डिझाइनताई
दोघंही थांबा जरा. मला जुना पार्ट सापडत नाही म्हणून मी नवा बनवते, हे तुम्हाला दिसतंय का? नंबर अर्थवाला असो की बिनअर्थाचा, सर्चला मिनिट लागलं की माणूस शोधणं सोडतो आणि डुप्लिकेट तयार करतो. मग ते डुप्लिकेट पण सर्चमध्ये येतात. क्लासिफिकेशन भरायचं काम आमच्यावर टाकलंत, वीस रकाने, त्यातले निम्मे कुणी भरत नाही. रकाने पाच ठेवा, सक्तीचे करा, मग मी भरीन.

क्वेरीकर
नंबरचं भांडण मिटेपर्यंत सर्च ठीक करता येतो. सोलर या सर्च इंजिनवर आधारलेला इंडेक्स सर्च टीमसेंटरच्या अ‍ॅक्टिव्ह वर्कस्पेसमध्ये आहे, विंडचिल या दुसऱ्या पीडीएमलाही जोडता येतो. पार्ट नंबर डॅशवर तोडून तुकड्यांचा इंडेक्स करा, मग मधला ४५३ स्टारशिवाय सापडतो. डेटाबेसवरच शोधायचं असेल तर निदान पुढच्या स्टारला बंदी घाला किंवा किमान तीन-चार अक्षरं सक्तीची करा. फक्त इंडेक्स मागे पडतोय का ते रोज बघा, नाहीतर आत्ता रिलीज केलेला पार्ट सर्चमध्ये दिसत नाही अशी नवी ओरड सुरू होईल.

शॉपफ्लोअरवाला
हे चालेल. नंबर मात्र मी बदलू देणार नाही.

जुनाप्रशासक
जुने ठेवा. नवीन प्रॉडक्ट लाइनला चालू क्रमांक, यावर मी मागे हटणार नाही.

रॅकवाला
मूळ मुद्द्यावर येतो. डेटाबेस सर्व्हरची ऑर्डर सध्या थांबवलीय. उद्या लांबच्या साइटवरच्या एका डिझायनरच्या लॉगिनने ट्रेस घेतो, सोबत पॅकेट कॅप्चर. पण कोड आमच्या हातात नाही हा प्रश्न तुमच्यापैकी एकानेही सोडवलेला नाही, हे लिहून ठेवा. कस्टम कॉलमच निघाला तर मी कुणाकडे जाऊ?

लॉगवाचक
कॉलम काढायला कोड लागत नाही बऱ्याचदा, डिफॉल्ट व्ह्यूमधून तो लपवा. पुष्कळ सिस्टिममध्ये न दिसणाऱ्या कॉलमची व्हॅल्यू मागवलीच जात नाही. एका युजरच्या व्ह्यूत करून बघा आणि त्याच असेंब्लीवर आधीचा-नंतरचा वेळ घ्या. फरक पडला तर त्या चार सह्यांसाठी तोच कागद पुढे करा. ट्रेसमध्ये एकसारखी सिलेक्ट दिसली तर ती इथे टाका, टेबलची नावं बदलून.

डिझाइनताई
आणि माझ्या अँटीव्हायरसचं?

रॅकवाला
ताई, कोणता फोल्डर ते पाठवा. लेखी मी देतो.