"दूधच येत नाही हिला": हे वाक्य ऐकलेल्या बायांनी इथं लिहा

अंबाजोगाईवाली

परवा लातूरला निघाले होते. स्टँडवर गाडीची वाट बघत बसले तर शेजारच्या बाकड्यावर एक पोरगी, असेल बावीस-तेवीसची, भिंतीकडं तोंड करून लेकराला पाजायली होती. लेकरू धरायचं, सोडायचं, किंचाळायचं. सोबतची बाई, सासू असावी, फोनवर अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असं सांगायली, "दूधच येत नाही हिला, पावडरचा डबाच घ्यावा लागंल." पोरीची मान खाली. तेवढ्यात माझी गाडी लागली अन् मी एक शब्द न बोलता चढले. बर्दापूर येईपर्यंत स्वतःलाच शिव्या घालत होते.

कारण माझं पण हेच झालेलं. पोरगा आता चौदा वर्षांचा आहे, बापाचे बूट येतात त्याला. सिझर होतं. पहिले तीन दिवस नुसता पिवळा चीक, थेंब थेंब. चुलतसासूनं तो पिळून टाकायला लावला, लेकराला जड जातो म्हणून, आणि मी टाकला. चौथ्या दिवशी दूध उतरलं ते असं की छाती दगड, ब्लाउजचं बटन लागेना. सगळं ताणून सपाट झालेलं, लेकराच्या तोंडात काही येईचना, ते रडायलं, बाहेर सगळे म्हणायले दूध नाही, आणि मी आत दुधानं भिजून बसलेली. दवाखान्यात फरशी पुसणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांनी बादली बाजूला ठेवली, हात धुतले, गरम पाण्यात टॉवेल बुडवून शेकलं, हातानं थोडं दूध काढून टाकलं, जरा मऊ झालं की लेकराची हनुवटी टेकवून म्हणल्या, "नुसतं बोंड नको देऊ बाई, भवतालचा काळा भाग जाऊ दे तोंडात." पाच मिनिटं लागली असतील. त्यांचं नाव पण विचारलं नाही मी.

तुमचं काय झालं ते लिहा. कुणी काय म्हणलं, कुणी हात दिला, सगळं.

नांदेडची नणंद

म्हैस व्याली की चिकासाठी शेजारणी वाटी घेऊन दारात, खरवस पाहिजे. आणि बाई बाळंत झाली की तिचा चीक मोरीत. काय बोलावं.

अंबाजोगाईवाली

हाहाहा हे तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं

परभणी ३१

माझ्या वेळी चीक पाजला, तो प्रश्न नव्हता, पण पाचवीला येणारी प्रत्येक बाई "पुरतंय का दूध?" एवढंच विचारायची. माझं कसं आहे, टाके कसे आहेत, झोप झाली का, कुणी नाही. एकीनं तर पदर बाजूला करून बघितलं हो!! दूध बघायला आलेल्या की लेकरू बघायला

बाराव्या दिवसाची आई

पाजता पाजता एका हातानं टाइप करायलेय, चुका समजून घ्या. मुलगी आहे, आज बारा दिवस. रात्री दर तासाला उठते, पिते, तिथंच झोपते, खाली ठेवलं की परत रडते. सासूबाई म्हणतात पोट भरत नाही तिचं. नवऱ्यानं पंप आणला, त्यात दहा मिनिटात जेमतेम तळ ओला झाला. तो बघून मी पण रडले. खरंच नाहीये का मला दूध

गावची आशा

बाई आधी रडू नको. दोन गोष्टी सांग. दिवस-रात्र मिळून शी-सू किती वेळा, आणि जन्माचं वजन किती, आता किती.

पंपात किती आलं त्यावरून दूध मोजायचं नसतं. लेकरू ओढतं तसं पंप ओढत नाही. पहिल्या काही दिवसात लेकराचं वजन थोडं उतरतं, सगळ्यांचंच उतरतं, आणि साधारण दोन आठवड्यात जन्माच्या वजनावर परत येतं. सू चोवीस तासात सहा किंवा जास्त वेळा आणि रंग पांढरट असला तर पोटात दूध जायलंय असं समज. रात्री घडीघडी उठणं वाईट नाही, रात्री पाजल्यानं दूध वाढतंच. विहिरीसारखं आहे, उपसा होईल तसं पाणी लागतं.

तुमच्या गावची आशा सेविका येती का घरी? दवाखान्यातलं बाळंतपण असलं तरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी यायचंच असतं तिला. नाही आली तर फोन करून बोलव, हक्कानं.

बाराव्या दिवसाची आई

सू मोजली नाही. उद्या मोजते. जन्माला २ किलो ७०० होती

सेलूची सून

हळीवाचे लाडू खा गं. खारीक, खोबरं, गोडंबी, डिंक, आणि हळीव नारळाच्या पाण्यात भिजवून. शेपूची भाजी आणि बाजरीची भाकरी दुधात कुस्करून. माझ्या आईनं मला सव्वा महिना दुसरं काही दिलंच नाही, वास आला तरी आता मळमळतं

परभणी ३१

लाडवानं दूध वाढलं का वजन?

सेलूची सून

वजन. १४ किलो. दूध पण आलं असंल बाई, मला काय माहीत, दोन्ही सोबतच आलं

उदगीरचा जावई

मी पुरुष आहे, चालेल का लिहिलेलं. बायको माहेरी आहे, लेकरू तीन आठवड्याचं. फोनवर रोज रडती, मला काय करावं कळत नाही म्हणून हे वाचायलोय.

नांदेडची नणंद

चालेल की. रविवारी जाता तेव्हा सासुरवाडीला पाव्हण्यासारखं बसू नका, तिला पाणी द्या. पाजायला बसलं की इतकी तहान लागती की तांब्याच्या तांब्या संपतो आणि उठता येत नाही. ढेकर काढायचं काम तुम्ही घ्या. आणि "दूध पुरतंय का" हे विचारू नका, तेवढं केलं तरी लई झालं.

उदगीरचा जावई

मागच्याच रविवारी विचारलं होतं. आता कळलं दोन दिवस फोन का उचलला नाही

फडातली लेक

हे वाचून आईला विचारलं, तिनं सांगितलं ते लिहिते. आम्ही बीड जिल्ह्यातले, आई-दादा (वडील) दोघं ऊसतोडीला जायचे, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. माझा जन्म गावातच पण सव्वा महिना झाला न झाला तर टोळी निघाली, उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, मागं राहायचं कसं. पहाटे चारला फडात. मला पाचटावर गोधडी टाकून झोपवायचे, वर बैलगाडीची सावली, राखायला सहा वर्षांची बहीण. आई म्हणती पान्हा फुटला की लुगडं भिजायचं, पण मोळी अर्धी टाकून येता यायचं नाही, मुकादम बघायचा. मग उसाच्या सरीत उभ्या उभ्या पिळून मातीत सोडायची. एवढं सांगून ती गप बसली आणि म्हणली, "तुला पाजायचं ते दूध मातीला पाजलं." मी ३४ वर्षांची आहे, हे मला आज कळालं.

माझ्या पोराला मी दोन वर्ष पाजलं. लोकं हसायची, घोडा झाला तरी पितोय म्हणून. हसू दे.

अंबाजोगाईवाली

काय लिहू यावर. आईला नमस्कार सांग माझा.

गावची आशा

माझ्याकडं दर दिवाळीनंतर अशा चार-पाच बाया निघून जातात, मधेच भेटी तुटतात. गेल्यावर फोन लागतो कधी कधी. पाटीत लेकरू आणि पाठीला भांडी अशा निघतात, मी गाडी निघेपर्यंत सांगत असते दर वेळी पाजा, पाणी देऊ नका.

लातूर गल्ली नं दोन

पाण्यावरून आठवलं. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ना आमच्याकडं, तेव्हा माझी दुसरी दोन महिन्यांची. एप्रिल. नळाला पाणी नाही, टँकरच्या रांगेत घागरीवरून मारामाऱ्या. सगळे म्हणायचे एवढं ऊन आहे, लेकराच्या घशाला कोरड पडंल, चमचाभर पाणी पाज. डॉक्टर म्हणाले सहा महिने काहीच नाही, उन्हाळ्यात पण नाही, अंगावरच्या दुधात पाणीच जास्त असतं. मला तर बरंच वाटलं, कारण बाटली उकळायला पाणी आणायचं कुठून? घरात एकटी तीच होती जिला टँकरची वाट बघावी लागत नव्हती. मी मात्र घागर घागर प्यायचे, सासरे स्वतःच्या वाट्याचं मला द्यायचे, बोलायचे काही नाहीत, तांब्या दारात ठेवून खाकरायचे.

परभणी ३१

तांब्या ठेवून खाकरणारे सासरे, आई गं

शाळेतल्या बाई

माझं वेगळंच. २०१७ पासून कायद्यात २६ आठवडे रजा आहे. आमच्या संस्थेनं तीन महिन्यात बोलावलं, नाही आलात तर जागा भरू म्हणले. खाजगी, विनाअनुदानित, काय भांडणार. स्टाफरूममध्ये दार लावलं की पाच मिनिटात कुणीतरी खडू मागायला ठोठावायचं. मग मी प्रयोगशाळेत, सांगाड्याच्या शेजारी बसून दूध काढायचे. तो सांगाडा माझा एवढा ओळखीचा झाला की त्याला दिवसभराचं सगळं सांगायचे. घरी फ्रीज होता पण लाइट जायची चार-चार तास, काढलेलं दूध टिकंल का नाही या धाकधुकीत अर्धं फेकलं. नंतर बहिणीनं सांगितलं की बाहेर चारेक तास चालतं पण आपल्या मे महिन्यात तेवढं पण धरू नको, थर्मासात बर्फ ठेव. ते आधी माहीत असतं तर.

पाचव्या महिन्यात पोरानं अंगावर पिणं सोडलं. मला वाटलं माझीच चूक. अजून वाटतं कधी कधी.

वाटी-चमचा

बाई तुमची चूक नाही.

मला जुळे, साडेसात महिन्याचे, एक १४०० आणि एक १६०० ग्रॅम. काचेच्या पेटीत. ओढायची ताकदच नव्हती त्यांच्यात. मी दर तीन तासाला काढायचे, सिस्टर नळीनं द्यायच्या, मग बोंडल्यानं. आजीचं चांदीचं बोंडलं माळ्यावरून काढलं, आई म्हणली बघ ठेवलं ते कामाला आलं. नंतर छातीवर उघड्या अंगाला लावून झोपवायचं, कांगारूसारखं, तासन् तास. त्यानं दूध वाढलं, हे मी स्वतः बघितलंय. तरी दोघांना पुरलं नाही, एकाला डब्याचं द्यावंच लागलं, डॉक्टरनंच सांगितलं. त्या दिवशी मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. दोघं आता तिसरीत आहेत, डब्यावरचा दुसऱ्याला धरून हाणतो.

माझी मावसबहीण मुंबईला, तिच्या लेकराला सायनच्या दवाखान्यात दुसऱ्या आयांचं दूध मिळालं होतं, तिथं १९८९ पासून दुधाची पेढी आहे. मी ऐकून चाट पडले.

रोशनगेटची

दुसऱ्या आईचं दूध म्हणलं की मला हसू येतं. मला ताप आला होता, एका बाजूला गाठ, लाल, हात लावू देईना. अम्मी घाबरली, म्हणाली तापाचं दूध पाजू नको. मग माझ्या मोठ्या नणंदेनं तिच्या लेकरासोबत माझीला पण पाजली, बरेच दिवस. तिचा मुलगा आणि माझी मुलगी दूधभावंडं झाली, आमच्यात दूधभावंडांचं लग्न होत नाही. आता सासूबाईंना दुःख एवढंच की घरातल्या घरात सोयरीक करायची होती ती गेली.

डॉक्टरकडं गेले तर त्या माझ्यावरच चिडल्या. म्हणाल्या ताप असला तरी पाजायचं, गाठीच्या बाजूनं पण पाजायचं, थांबवलं की साचून अजून वाढतं. गोळ्या दिल्या, तीन दिवसात उतरलं. ज्यांना अशी गाठ आणि थंडी वाजून ताप आहे त्यांनी घरी शेकत बसू नका, दाखवा.

नांदेडची नणंद

कोबीची पानं ठेवली होती का? मला कुणीतरी सांगितलेलं, फ्रीजमधली थंड पानं ठेवायची. बरं वाटतं खरंच. संध्याकाळी सासूनं त्याच कोबीची भाजी केली, मी बोलले नाही काही

परभणी ३१

अगंगंगं

सेलूची सून

ती वापरलेली पानं होती का उरलेला गड्डा ते स्पष्ट कर

नांदेडची नणंद

उरलेला. बहुतेक.

बाराव्या दिवसाची आई

ताई मोजली. काल सकाळपासून आज सकाळपर्यंत आठ वेळा सू, पाच वेळा शी. आणि आशाताई आल्या होत्या बोलावल्यावर, काटा आणला, २ किलो ८२० भरली. म्हणजे वाढली ना? सासूबाई काट्याकडं दोनदा बघायल्या. मग म्हणल्या काटा जुना असंल.

पण एक, डाव्या बाजूला चीर पडलीय, पाजताना डोळ्यातून पाणी येतं

गावची आशा

वाढली की गं! छान वाढली. काटा माझ्याकडं पण जुनाच आहे, सांग सासूबाईंना.

चिरेला: पाजून झालं की शेवटचं घट्ट दूध बोटानं तिथं लाव आणि उघडं वाळू दे, साबण नको. लेकराला तोंड आ वासेपर्यंत थांब, मग पटकन जवळ ओढ, तू वाकू नको, तिला वर आण. पाठीला उशी घे. खालचा ओठ बाहेर वळलेला दिसला पाहिजे, हनुवटी रुतलेली. दुखतच राहिलं तर करंगळी तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून आत घालून सोडव आणि परत लाव, ओढून काढू नको. दोन-तीन दिवसात फरक नाही पडला तर उपकेंद्रात जा, सिस्टर जिभेखाली पण बघतील.

आणि गुटी, मध, साखरपाणी काही नको. मध तर वर्षभर नकोच.

बाराव्या दिवसाची आई

मध बाराशाच्या दिवशी चाटवला थोडा 

गावची आशा

आता परत नको. सुस्त वाटली, पिणं कमी झालं, शी बंद झाली तर लगेच दवाखाना. नाहीतर घाबरू नको.

उदगीरचा जावई

ढेकर काढायला शिकलो. खांद्यावर उलटी झाली, शर्ट गेला. फोन उचलायली आता.

शाळेतल्या बाई

त्या शर्टाला लिंबू लावा आणि उन्हात टाका, दुधाचा वास जातो

सेलूची सून

कुणी हळीवाच्या लाडवाचं प्रमाण विचारत होतं इन्बॉक्सला, इथंच सांगते, एक वाटी हळीव असंल तर खोबरं दोन नारळांचं आणि गूळ दीड वाटी

लातूर गल्ली नं दोन

दीड नाही बाई, दोन. दीड वाटीत लाडू वळतच नाही

सेलूची सून

आमच्या सेलूत वळतो