डिप्रेशनची पहिली गोळी आणि त्यानंतरचा महिना : सोलापूरकरांनो, अनुभव लिहा

हुरडापार्टी (धागाकर्ती)

या विषयावर मराठीत शोधलं की एक तर "गोळ्या म्हणजे विष" सापडतं, नाहीतर "तज्ज्ञांचा सल्ला घ्या". मधलं कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा. पंचविशीच्या आत गोळी सुरू झालेल्यांनी लिहा, त्यांच्या घरच्यांनीही लिहा. डोस विचारू नका, सांगूही नका.

माझं सांगते. वय २१, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, एस्सिटालोप्रॅम. आधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासलं. रक्तातच काहीतरी निघेल म्हणून आई आशेवर होती, पण रिपोर्ट नॉर्मल. पहिल्या आठवड्यात मळमळ आणि जांभया. जांभया म्हणजे जबडा दुखेपर्यंत! व्हायवाला सरांना वाटलं मी उद्धट आहे. धडधडही आधीपेक्षा वाढली. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की त्रास पहिल्या दिवसापासून होईल आणि गुण यायला दोन ते चार आठवडे लागतील, कधी जास्तही. हे माहीत नसतं तर मी पाकीट फेकूनच दिलं असतं. फरक आधी आईला कळला. "आज शेंगाचटणी मागून घेतलीस," म्हणाली. मन बरंच नंतर सुधारलं, आधी झोप आणि भूक जागेवर आली.

पूर्वभागवाला

वडील टॉवेलच्या कारखान्यात, आई विड्या वळते. खाजगी डॉक्टरची फी परवडणारी नव्हती, म्हणून सिव्हिलला केसपेपर काढला. मानसोपचारच्या लाईनीत उभा होतो तर मागून आवाज, "काय बे, इथं काय करालास?" गल्लीतलाच माणूस. मी म्हटलं, पाठ दुखतीय. मग लक्षात आलं, तो पण त्याच लाईनीत उभाय. आजपर्यंत आम्ही दोघांनी कुणाला सांगितलेलं नाही.

मला फ्लुओक्सेटीन दिली. झोप उडू शकते म्हणून सकाळी घ्यायला सांगितली. मळमळ वगैरे चार दिवसांत गेली, पण घाम! या गोळ्यांनी घाम वाढतो, आणि माझी सुरू झाली एप्रिलच्या शेवटी. बाहेर ४३ डिग्री, घरावर पत्रा, पाणी चार-पाच दिवसांआड. सुरू करायचीच असेल तर थंडीत करा राव. (गंमत हं. गरज असंल तर थांबू नका.)

एक_आई

माझा मुलगा १७ वर्षांचा. गोळी सुरू झाली त्या रात्री मी नेटवर वाचलं की अमेरिकेच्या एफडीएनं (औषधांवर देखरेख करणारं सरकारी खातं) २००४ मध्ये लहान मुलांसाठी सगळ्यात कडक इशारा दिला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लावला, की या औषधांनी सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात. रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी शांतपणे समजावलं. मुलांवरच्या चाचण्यांत असे विचार किंवा वागणं औषध घेणाऱ्यांत साधारण ४ टक्के, तुलनेसाठी औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत २ टक्के दिसलं होतं. जीव एकाचाही गेला नव्हता. आजार तसाच सोडण्यातही धोका आहेच. म्हणून औषध बंद करायचं नाही, पहिले काही आठवडे आणि डोस बदलेल तेव्हा डोळ्यात तेल घालून बघायचं.

मग आम्ही काय केलं? पाकीट माझ्या कपाटात, रोज सकाळी मी हातावर गोळी देणार. ह्यांनी मोहोळच्या शेतातली फवारणीची औषधं घरातल्या माळ्यावर ठेवलेली, ती त्याच दिवशी हलवली. आणि सगळ्यात जड काम म्हणजे त्याला सरळ विचारणं, "मरणाचे विचार येतात का रे?" मला वाटायचं, विचारलं तर नसलेलं डोक्यात भरेल. डॉक्टर म्हणाले, तसं होत नाही. दुसऱ्या आठवड्यात तो म्हणाला, "आई, जास्त येतायत." त्याच दुपारी दाखवलं, डोस कमी केला, रात्री मी त्याच्याच खोलीत झोपले. आता अकरावीचे क्लास करतोय, भांडतोही.

हुरडापार्टी

काकू, बरं झालं लिहिलंत. रात्री-अपरात्री डॉक्टर फोन उचलत नसतील तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात.

काउंटरवरून

मी मेडिकलमध्ये कामाला आहे. तरुण पोरं दुकानात गर्दी सरेपर्यंत बाहेर थांबतात, मग चिठ्ठी उलटी ठेवतात. चालतं, आम्ही मोठ्यानं नाव वाचत नाही. एक सांगतो : सोबत सुरुवातीला क्लोनाझेपाम, म्हणजे घबराट शांत करणारी गोळी, लिहून दिलेली असते, ती थोड्याच दिवसांसाठी. ती लगेच लागू पडते, म्हणून लोक मुख्य गोळी सोडून तीच मागायला येतात. तिची सवय लागते. चिठ्ठीशिवाय मी देत नाही, रागावलात तरी.

नंदीध्वज

पुण्यात होस्टेलला असतो. पॅरॉक्सेटीन. गड्ड्याच्या जत्रेला सोलापूरला घरी आलो, गोळ्या संपल्या, डॉक्टर परगावी, जुन्या चिठ्ठीवर कुणी देईना. तिसऱ्या दिवशी मान वळवली की डोक्यात विजेचा चटका बसायचा. चक्कर, उगाच रडू. अक्षता सोहळ्याला सगळे सिद्धेश्वरावर, मी भिंत धरून घरात. डॉक्टरांनी परत आल्यावर सांगितलं, हे व्यसन नव्हे, पण ही गोळी एकदम तोडता येत नाही, बंद करायची तीही हळूहळू उतरवत.

सातरस्ता_७७

ताईचं वेगळंच झालं. दोन आठवड्यांत ताई एकदम फ्रेश! आम्ही पेढे वाटायच्या बेतात. मग रात्री दोनला कपाट आवरायला लागली, झोप नाही तरी थकवा नाही, बोलणं थांबेना, नवी पेठेतून उधारीवर साड्या आणल्या. डॉक्टरांनी पहिल्या भेटीत विचारलं होतं, घरात कुणाला असं काही? बाबांनी काकांचं नाव घेतलं नव्हतं, लोक काय म्हणतील म्हणून. बायपोलर निघालं, म्हणजे कधी खूप उदास तर कधी असा अती उत्साह. ती गोळी बंद करून त्यावरचं औषध, लिथियम, सुरू केलं. तेव्हा "लवकर बरं वाटतंय" हेही डॉक्टरांना कळवा, आणि काकांचं नाव पहिल्या दिवशीच सांगा.

शिरखुर्मा

रोज्यात कसं करायचं म्हणून कुणाला प्रश्न पडला असेल तर लिहिते. माझी सर्ट्रालीन सुरू झाली आणि लगेच रमजान लागला. अम्मी म्हणाली, महिनाभर राहू दे. डॉक्टर म्हणाले, दिवसातून एकदाच घ्यायची आहे, सहरीला किंवा इफ्तारनंतर, एक वेळ धरा आणि तीच ठेवा. सहरीला रिकाम्या पोटी घेतली तर मला मळमळायचं, म्हणून दोन घास खाऊन मग गोळी. तोंडाला कोरड पडायची, दुपारी जास्त. लिथियमवाल्यांनी मात्र रोजा किंवा निर्जळी उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नका; अंगातलं पाणी कमी झालं की ते औषध रक्तात वाढतं. सातरस्ता, ताईला हे सांगितलंय ना?