मदत हवी आहे: इंग्रजी वाक्याचं ट्री काढताना कुठे तोडायचं तेच समजत नाही

हरवलेला कर्ता

नमस्कार मंडळी,

एम.ए. इंग्रजीच्या पहिल्या वर्षाला आहे. शाळेत व्याकरण म्हणजे हक्काचे मार्क. व्हॉइस बदला, रिपोर्टेड स्पीच करा, गाळलेल्या जागा भरा, सगळं डोळे मिटून जमायचं. आता सिंटॅक्सचा (वाक्यरचनेचा) पेपर आहे आणि त्या तयारीचा काडीचा उपयोग होत नाहीये. सुरुवातीलाच ‘इंग्रजीत फ्यूचर टेन्स नसतो’ असं ऐकवलं गेलं आणि बारा काळांचा तक्ता घोकून आलेला अख्खा वर्ग गार. तेवढं आता गळी उतरलंय: टेन्स म्हणजे क्रियापदाच्या रूपातच दिसणारा बदल, तो प्रेझेंट आणि पास्ट असा दोनच; ‘विल’ हे मोडल (शक्यता, इच्छा वगैरे सांगणारं सहायक क्रियापद), आणि परफेक्ट, प्रोग्रेसिव्ह हे आस्पेक्ट (क्रिया झालेली की चालू ते दाखवणारं).

अडतंय ते पुढे. ही तीन वाक्यं बघा:

शी पुट द की ऑन द टेबल.
शी फाउंड द की ऑन द टेबल.
शी लॉस्ट द की टू द कपबर्ड.

मला तिन्ही सारखीच दिसतात. कर्ता, क्रियापद, ‘द की’, आणि मागे प्रिपोझिशनचं शेपूट. पण तिन्हींचे ट्री (वाक्यातला कोणता तुकडा कोणाला जोडलाय ते दाखवणारी फांद्यांची आकृती) वेगळे येतात म्हणे! शेपूट ‘की’ला जोडायचं की क्रियापदाला, हे ठरवायचं कशावरून? वर्गात विचारलं तर ‘इंट्यूशन वापरा’ असं उत्तर मिळालं. इंग्रजी माझी मातृभाषा नाही हो, इंट्यूशन आणू कुठून?

दुसरं म्हणजे, दोन पुस्तकं वाचतोय आणि दोन्हीत ‘व्हर्ब फ्रेज’ वेगळी निघते. एकात ‘हॅज बीन रीडिंग’ एवढीच, दुसऱ्यात ‘हॅज बीन रीडिंग द नॉव्हेल’ सगळं. बरोबर कोणतं?

तिसरं, ‘सीम’ आणि ‘वाँट’ यांची रचना वेगळी असते असं नोट्समध्ये आहे, कारण दिलेलं नाही. कृपया कुणीतरी समजावा.

अल्पविराम

इंट्यूशनची गरज नाही, हातात चाचण्या आहेत. सगळ्यात सोपी सर्वनामाची. ‘इट’ हे अख्ख्या नाउन फ्रेजच्या (नाम आणि त्याला जोडलेले शब्द यांच्या गठ्ठ्याच्या) जागी येतं, अर्ध्या तुकड्याच्या जागी येत नाही. म्हणून वाक्यात ‘इट’ घालून बघायचं की शेपूट बाहेर उरतं का.

‘शी पुट इट ऑन द टेबल.’ छान चालतं. म्हणजे ‘द की’ हा पुरा तुकडा आहे आणि ‘ऑन द टेबल’ त्याच्या बाहेर:
[शी] [पुट [द की] [ऑन द टेबल]]

‘शी लॉस्ट इट टू द कपबर्ड.’ आता अर्थच फिरला, कपाटाशी पैज लावून किल्ली हरल्यासारखं झालं. म्हणजे ‘टू द कपबर्ड’ नाउन फ्रेजच्या आत आहे:
[शी] [लॉस्ट [द की टू द कपबर्ड]]

मधलं वाक्य मुद्दाम दिलेलं दिसतंय, त्याचे दोन ट्री होतात. किल्ली टेबलावर सापडली, किंवा टेबलावरची जी किल्ली होती ती (कुठेतरी) सापडली. खात्री करायची तर पॅसिव्ह करा. ‘द की वॉज फाउंड ऑन द टेबल’ हा पहिला अर्थ, ‘द की ऑन द टेबल वॉज फाउंड’ हा दुसरा. पॅसिव्ह करताना अख्खी नाउन फ्रेज उचलून पुढे जाते, त्यामुळे तिची हद्द कुठे संपते ते आपोआप दिसतं.

आणि मातृभाषा नसल्याचं फार मनावर घेऊ नका. मराठीत ‘टेबलावर’ आणि ‘टेबलावरची’ असं आपण सरळ वेगळं बोलतो. इंग्रजी वाक्य मराठीत म्हणून बघितलं की कोणता ट्री हवा ते बऱ्याचदा तिथेच कळतं.

एक सावधगिरी. ‘अँड’ने जोडून बघायची चाचणी पुस्तकांत पहिली दिलेली असते, पण माझा तिच्यावर सगळ्यात कमी भरवसा. ‘आय गेव्ह रवी अ पेन अँड मीना अ नोटबुक’ हे वाक्य शुद्ध आहे. म्हणून ‘रवी अ पेन’ हा एक तुकडा मानायचा का? नेहमीच्या विश्लेषणात मानत नाहीत.

फटकळ

एवढं डोकं कशाला शिणवताय? मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका काढा, तेच ट्री फिरून फिरून येतात. पाठ करा, पास व्हा.

हरवलेला कर्ता

अल्पविराम, किती सोपं करून सांगितलंत! मग ‘पुट’मधलं ‘ऑन द टेबल’ आणि ‘ही रेड द लेटर इन द किचन’मधलं ‘इन द किचन’ दोन्ही नाउन फ्रेजच्या बाहेर. तरी नोट्समध्ये पहिलं कॉम्प्लिमेंट (क्रियापदाशी बांधलेला भाग) आणि दुसरं अ‍ॅडजंक्ट (वरून जोडलेला जादा भाग). ते का?

फटकळ, पेपरला न पाहिलेलं वाक्य येतं हो. पाठ करून भागलं असतं तर इथे कशाला आलो असतो?

जुनी वही

याचं उत्तर आणि तुमचा दोन पुस्तकांचा प्रश्न एकमेकांत अडकलेत, म्हणून एकत्रच लिहिते. मी हा पेपर शिकवते.

आधी चाचणी. ‘डू सो’ हे क्रियापद आणि त्याची कॉम्प्लिमेंट्स मिळून जो गठ्ठा होतो त्याच्या जागी येतं. अ‍ॅडजंक्ट मात्र बाहेर राहू शकतं.

ही रेड द लेटर इन द किचन, अँड आय डिड सो इन द गार्डन. (चालतं.)
ही पुट द लेटर इन द ड्रॉवर, अँड आय डिड सो ऑन द शेल्फ. (चालत नाही. अशा वाक्यापुढे तारा काढायचा.)

दुसऱ्या वाक्यात ‘डू सो’ने ‘पुट द लेटर इन द ड्रॉवर’ हे सगळंच गिळलं, मग ‘ऑन द शेल्फ’ला जागा कुठली? ‘जे गाळता येत नाही ते कॉम्प्लिमेंट’ हा नियम मुलं पाठ करतात, तो अर्धाच खरा. ‘पुट’पुरता ठीक आहे. पण ‘ही एट द मँगो’मधलं ‘द मँगो’ खुशाल गाळता येतं आणि तरी ते ऑब्जेक्टच असतं.

आता पुस्तकं. तुमच्या हातात बहुधा दोन परंपरा आल्या आहेत. एक क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्तविक यांच्या 1985 च्या व्याकरणाची, दुसरी हडलस्टन आणि पुलम यांच्या 2002 च्या व्याकरणाची. क्वर्क मंडळींच्या लेखी व्हर्ब फ्रेज म्हणजे फक्त क्रियापदांची रांग, ‘हॅज बीन रीडिंग’. ऑब्जेक्ट त्यात येत नाही, तो क्लॉजचा वेगळा घटक. हडलस्टन-पुलममध्ये ऑब्जेक्ट व्हर्ब फ्रेजच्या आत असतो. चॉम्स्की या भाषावैज्ञानिकाच्या वळणाचे ट्री काढतानाही ऑब्जेक्ट आतच. सिंटॅक्सच्या पेपरला ट्री विचारतात म्हणजे तुम्हाला हीच पद्धत लागणार.

‘कॉम्प्लिमेंट’चीही तीच गत, आणि इथेच जास्त मार्क जातात. क्वर्कच्या सात क्लॉज पॅटर्नमध्ये सी (कॉम्प्लिमेंट) म्हणजे ‘शी इज अ डॉक्टर’मधलं ‘अ डॉक्टर’ किंवा ‘दे मेड हिम कॅप्टन’मधलं ‘कॅप्टन’. ऑब्जेक्टला तिथे कॉम्प्लिमेंट म्हणतच नाहीत. ‘शी पुट द की ऑन द टेबल’ तिथे एसव्हीओए (सब्जेक्ट, व्हर्ब, ऑब्जेक्ट, अ‍ॅडव्हर्बियल), म्हणजे ‘ऑन द टेबल’ हे अ‍ॅडव्हर्बियल, फक्त सक्तीचं. तेच हडलस्टन-पुलममध्ये कॉम्प्लिमेंट, आणि ऑब्जेक्टसुद्धा कॉम्प्लिमेंटचाच एक प्रकार. त्यामुळे ‘बरोबर कोणतं’ असं विचारू नका, ‘कोणाच्या हिशेबात’ असं विचारा. उत्तराच्या पहिल्याच ओळीत कोणती चौकट वापरताय ते लिहून टाका. एकाची व्हर्ब फ्रेज आणि दुसऱ्याचं कॉम्प्लिमेंट अशी खिचडी दिसली की तपासणाऱ्याला मार्क देता येत नाहीत.

काना मात्रा

सीम आणि वाँटचं राहिलंच की.

तुमच्या नावातच कर्ता आहे, तिथूनच सुरू करू. ‘कर्ता म्हणजे क्रिया करणारा’ ही शाळेतली व्याख्या आधी बाजूला ठेवा. मराठीतच बघा, ‘मुलाने पोळी खाल्ली’. खाणारा मुलगा, पण क्रियापदाचं रूप पोळीप्रमाणे बदललंय. इंग्रजीत सब्जेक्ट ओळखायचा तो प्रश्न करताना सहायक क्रियापद कोणाच्या पुढे उडी मारतं आणि टॅगमध्ये कोण येतं यावरून. ‘देअर इज अ प्रॉब्लेम, इझंट देअर?’ इथे सब्जेक्ट ‘देअर’. त्याला स्वतःचा काही अर्थ नाही, नुसती जागा धरून बसलंय.

हे बिनअर्थाचं ‘देअर’च आपलं हत्यार.

देअर सीम्स टू बी अ प्रॉब्लेम. (चालतं.)
देअर वाँट्स टू बी अ प्रॉब्लेम. (तारा.)

वाँट करायला कुणीतरी हवं, म्हणून ते आपल्या सब्जेक्टला भूमिका देतं आणि पोकळ ‘देअर’ त्याला खपत नाही. ‘सीम’ सब्जेक्टला काहीच भूमिका देत नाही. त्याचा सब्जेक्ट अर्थाने आतल्या क्लॉजचा असतो, फक्त वर येऊन बसलेला. म्हणून सीमच्या रचनेला रेझिंग म्हणतात आणि वाँटच्या रचनेला कंट्रोल. ट्रीमध्ये वाँटच्या आतल्या ‘टू’च्या क्लॉजला स्वतःचा न उच्चारलेला सब्जेक्ट दाखवतात, त्याला प्रो म्हणतात.

हरवलेला कर्ता

करून बघितलं. ‘ट्राय’: ‘देअर ट्राइड टू बी अ की इन द लॉक’, तारा, म्हणून कंट्रोल. ‘हॅपन’: ‘देअर हॅपन्ड टू बी अ की इन द लॉक’, चालतं, म्हणून रेझिंग. बरोबर ना?

पण ‘थ्रेटन’ला अडकलो. ‘ही थ्रेटन्ड टू रिझाइन’मध्ये धमकी देणारा माणूस आहे, म्हणजे कंट्रोल. मग ‘इट थ्रेटन्ड टू रेन’चं काय? पाऊस काही धमकी देत नाही.

काना मात्रा

ट्राय आणि हॅपन बरोबर. थ्रेटन दोन्हीकडे बसतं: माणूस धमकावतो तेव्हा कंट्रोल, चिन्हं दिसतात तेव्हा रेझिंग. दोन अर्थ, दोन ट्री. प्रॉमिसचंही तसंच. पेपरला आलं तर दोन्ही काढा आणि कोणत्या अर्थाचा कोणता ते खाली लिहा.

अल्पविराम

आता ‘एक्स्पेक्ट’ आणि ‘परस्वेड’ करून बघा. चाचणी तीच, फक्त ‘देअर’ ऑब्जेक्टच्या जागी ठेवायचं. जमलं की इथेच टाका, तपासून देतो.