सार्वजनिक सेवांच्या अर्जांसाठी कंपोनंट लायब्ररी: आयती घ्यावी की स्वतः बांधावी?

प्रश्न

आमच्याकडे अनेक सार्वजनिक सेवांचे ऑनलाइन अर्ज आहेत आणि प्रत्येकातील बटणे, रकाने व चुकांचे संदेश निरनिराळ्या पद्धतीने लिहिलेले आहेत. दृष्टिहीन आणि केवळ कीबोर्ड वापरणाऱ्या नागरिकांनाही ते भरता यावेत म्हणून एकच कंपोनंट लायब्ररी, म्हणजे अशा तयार घटकांचा कोडसंच, ठरवायची आहे. ती स्वीकारल्यावर सुगम्यतेची किती जबाबदारी आमच्याकडे उरेल?

उत्तर १

आयतीच घ्यावी. ब्रिटनची गव्ह.यूके डिझाइन सिस्टीम किंवा अमेरिकेची यूएसडब्ल्यूडीएस (यू.एस. वेब डिझाइन सिस्टीम) या सरकारी लायब्रऱ्यांचा कोड खुला आहे. पहिलीचा फाँट आणि राजचिन्ह मात्र ब्रिटिश सरकारी संकेतस्थळांपुरते राखीव असल्याने ते बदलावे लागतील. तिच्यातील चुकांचा गोषवारा अवश्य अभ्यासावा: अर्ज चुकला की पानाच्या वरच्या भागात चुकांची यादी येते, कीबोर्डचा फोकस (कळ दाबल्यावर जिथे परिणाम होतो ती जागा) तिच्यावर जातो आणि प्रत्येक ओळ संबंधित रकान्याशी जोडलेली असते. जन्मतारखेसाठी तिथे कॅलेंडर नसून दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे रकाने आहेत, आणि पाठ असलेली तारीख लिहिण्यासाठी तेच सोयीचे.

जबाबदारीचे म्हणाल, तर बरीच उरते. लायब्ररी लेबल रकान्याशी जोडून देईल. पण तुम्ही नुसते ‘क्रमांक’ लिहिलेत, तर स्क्रीन रीडरही (पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचणारे सॉफ्टवेअर) तेवढेच वाचेल आणि कोणता क्रमांक हे ऐकणाऱ्याला कळणार नाही. मथळ्यांचा क्रमही तुम्हालाच राखावा लागतो. रंग बदलले, तर साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ आहे का, हे पुन्हा मोजावे लागते. पानावर चिकटून राहणारी पट्टी फोकस असलेला रकाना पूर्ण झाकत असेल, तर २०२३ च्या डब्ल्यूसीएजी २.२ (वेब सुगम्यतेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे) मधील एए या मधल्या पातळीचा निकष मोडतो, आणि हा दोष सुटा घटक तपासून दिसतच नाही.

उत्तर २

वरील मताशी सहमत आहे. मात्र कोड उचलून आपल्या प्रकल्पात चिकटवू नये. तो पॅकेज (नवी आवृत्ती घेता येणारा तयार संच) म्हणून जोडावा, अन्यथा मूळ लायब्ररीत झालेली दुरुस्ती तुमच्या अर्जांपर्यंत पोहोचणार नाही.

प्रश्नकर्ता

धन्यवाद. लांबलचक यादीतून निवड करण्यासाठी शोधता येणारा ड्रॉपडाउन स्वतः लिहावा का?

उत्तर १

शक्यतो नको. पर्याय मोजके असतील तर रेडिओ बटणे (एकच पर्याय निवडता येणारी गोल बटणे) द्यावीत, जास्त असतील तर ब्राउझरचा मूळ सिलेक्ट (उघडणारी साधी यादी) वापरावा. शोध अपरिहार्यच असेल, तर तो घटक खऱ्या स्क्रीन रीडर वापरकर्त्यांकडून तपासून घेतल्याशिवाय लायब्ररीत घालू नये.